देठाकडचा तुकडा

कारलं कडू असतं, पण लबाड नसतं. अंगावर गाठी घेऊन, मी असा आहे म्हणून सांगत वेलाला लोंबतं. दोडक्याचं तसं नाही. दहा गोड दोडक्यांत एक कडू निघतो, आणि तो वरून बघून ओळखता येत नाही.

*

सावडीला कुणी कुणाला बोलवायला जात नाही. आज तुझ्या खाचरात आठ बायका, उद्या माझ्या खाचरात त्याच आठ. सकाळी पावसासाठी डोक्यावर पानांची इरली घेऊन त्या आपोआप बांधावर येतात. यायच्या बंद झाल्या की काय ते समजायचं.

*

भंडाऱ्याची भाजी देवाला दाखवल्याशिवाय कुणी जिभेला लावत नाही. देवाला दाखवली की तिचा प्रसाद होतो. प्रसाद पत्रावळीवर टाकता येत नाही.

*

लोखंडी ट्रंकेत एकावर एक अकरा खण. एकाचीही चोळी शिवलेली नाही.

*

गोठ्याच्या कडेला, म्हशीच्या गव्हाणीपलीकडे, चार दिवसांची जागा. तिथं एक गोणपाट, एक जर्मनचं ताट, एक तांब्या. म्हैस रात्रंदिवस शेपटी मारते ती तिथपर्यंत पोचते.

*

पानशेतचं धरण फुटलं त्याच्या आदल्या वर्षी, शिमग्याच्या सुमारास, गावात विषमज्वराची साथ होती.

*

कासार आंबोलीची चाखणारी म्हणजे गोजराबाई. असा काही हुद्दा कुठं नसतो, पण गावात होता. सप्ताह असो, बारसं असो, कुणाचं तेरावं असो, घरोघरच्या मांडवांवरून भाजी गोळा व्हायची आणि पाट्या गोजराबाईच्या पडवीत यायच्या. ती विळी घेऊन बसायची. दोडका, दुधी, काकडी, जे असेल त्याचा देठाकडचा नखाएवढा तुकडा कापायचा, दाढेखाली धरायचा, थुंकायचा. गोड ते उजवीकडे, कडू ते डावीकडे. देठाचा तुकडा उष्टा झाला तरी उरलेली भाजी उष्टी होत नाही, असं गावानं आपल्या सोयीनं कधीकाळी ठरवून टाकलं होतं. काम उरकलं की घरची बाई तिच्या ओटीत खण आणि नारळ घालायची; मनात भरलेला एखादाच खण ती ट्रंकेत ठेवायची. तीस वर्षांत तिच्या हातून एक कडू फोड गेली नाही असं लोक बोलायचे. तेव्हा गोजराबाई उगाचच पदर सारखा करायची.

नवरा कोंडाजी भातशेती बघायचा. मुलगा वाल्मीक पुण्यात कामाला, पंधरा दिवसांनी एस.टी.नं यायचा. सून लीलाबाई माहेरची नेऱ्याची. अंगानं बारीक, कामाला चिवट.

विषमज्वरानं गोजराबाईला एकवीस दिवस झोपवलं. केस गळाले, पुन्हा आले. पायातलं बळ गेलं, पुन्हा आलं. चैत्रात ती भिंतीला टेकून बसायला लागली तेव्हा लीलानं पौडच्या बाजारातून कारली आणवली, पाट्यावर वाटली, फडक्यातून पिळून काढली आणि हिरवागार रस वाटीत आणून दिला.

गोजराबाईनं एका दमात वाटी रिकामी केली.

"औषद आन म्हनलं तर पानी आनलंस व्हय गं?"

लीला हसली. तिला वाटलं सासूची थट्टा आहे. मग तिनं सासूचं तोंड पाहिलं आणि हसू तसंच ओठांवर अडकलं.

"आत्याबाई, कारल्याचा रस हाय त्यो. मीठसुदिक न्हाई घातलं."

"आन बघू आनखी."

लीलानं कारल्याचा काप आणला. गोजराबाईनं तो चावला. काकडी चावावी तसा. मग दुसरा. मग बिया. दाढेखाली काहीतरी ओलं, पालेदार लागत होतं, एवढंच. मीठ कळत होतं, गूळ थोडा थोडा कळत होता. कडू तेवढं कुठं गेलं होतं कोण जाणे.

"कुनाला सांगू नगंस," ती म्हणाली.

"न्हाई सांगत."

"वाल्मीकलाबी न्हाई."

"न्हाई म्हनलं की आत्याबाई."

*

त्यानंतर गोजराबाई सुनेला शिकवायला लागली. गावाला असं दिसत होतं.

पाटी आली की ती लीलाला शेजारी घेऊन बसायची. तुकडा कापून आधी तिच्या हातावर ठेवायची. "चाख. काय लागतंय?" लीला चाखायची आणि गप्प बसायची. गोड असेल तर हात मांडीवर. कडू असेल तर कानामागं पदर खोचायची. मग गोजराबाई दुसरा तुकडा आपल्या तोंडात टाकायची, डोळे मिटायची, थुंकायची, आणि मोठ्यानं म्हणायची, "डावीकडं टाक ह्यो."

"सून तयार होतीया म्हनायची," बायका म्हणायच्या.

"अजून लई येळ हाय," गोजराबाई म्हणायची.

हे म्हणताना ती लीलाकडे बघत नसे. वैशाखात एक लग्न झालं, एक बारसं झालं. ट्रंकेत दोन खण वाढले, अकराचे तेरा झाले. दुसरा खण ठेवताना तिला वाटलं, हा पोरीला द्यावा. तिनं तो वरती ठेवला, मग काढून तळाशी घातला.

*

श्रावणातला सप्ताह. सातव्या दिवशी काला आणि भंडारा. सप्ताहाची सगळी व्यवस्था जयसिंगकडे, आणि चुलाणावरच्या बायकांची त्याच्या आईकडे, सगुणाबाईकडे.

भंडाऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटे लीला परड्यातून आली ती घरात शिरली नाही. अंगणातूनच म्हणाली, "आत्याबाई, मी बाजूला बसले."

गोजराबाई चुलीपुढं होती. तिच्या हातातली फुंकणी खाली आली.

"आजच?"

लीला गोठ्याकडे गेली. गोणपाट झटकल्याचा आवाज आला.

दुपारपासून पाट्या यायला लागल्या. पाऊस धरून होता, डोंगर दिसत नव्हता. बायका इरली झटकून पडवीत शिरत होत्या. प्रत्येकीच्या पाटीत आपापल्या मांडवाचा माल. बहुतेक दोडका. यंदा दोडका फार लागला होता. सगुणाबाईची पाटी सगळ्यांत मोठी, तिच्या विहिरीवरच्या वेलाचे हातभर लांब दोडके.

"घरात कुनी बाजूला न्हाई न्हवं?" सगुणाबाईनं विचारलं. देवाचं काम, विचारायलाच हवं.

"सून हाय. पर ती गोठ्यात हाय, पल्याड."

"मंग लांब हाय. बसा तुमी."

बसा तुमी. गोजराबाई पडवीच्या टोकाला, गोठ्याच्या बाजूला बसली. विळी पायाखाली धरली. सगुणाबाई आणि दोघी-तिघी दुसऱ्या टोकाला वाल सोलत होत्या. त्या अधूनमधून मान वर करून हिच्याकडं बघत होत्या. कौतुकानंच बघत होत्या.

पहिला दोडका. देठाकडचा तुकडा. दाढ. ओलं. थुंकी.

उजवीकडे.

दुसरा. तिसरा. दहावा. ती वास घेऊन बघत होती. नखानं शीर दाबून बघत होती. कापताना येणारा आवाज ऐकत होती, जणू दोडकाच बोलेल. विसाव्या दोडक्यापर्यंत डावीकडे काहीच पडलं नव्हतं. एवढ्या मालात एकही कडू नाही हे कुणालाही खोटं वाटलं असतं.

एकविसावा तिनं तोंडात धरला, डोळे मिटले, भुवया आवळल्या आणि डावीकडे फेकला.

"गावला वाटतं," सगुणाबाई पलीकडून म्हणाली.

"गावला."

सगुणाबाईची पाटी अजून उघडायची होती, तेवढ्यात गोठ्यातून लीलाची हाक आली, मग आणखी दोनदा. पाऊस कौलांवर कोसळत होता.

"काय म्हनतीया?" सगुणाबाईनं विचारलं.

"च्या मागत आसंल."

संध्याकाळपर्यंत शंभरावर दोडके तपासून झाले. डावीकडे सात होते. सातही तिनं आपल्या मनानं टाकले होते, अंतराअंतरानं, दिसायला बरं दिसेल असे. सगुणाबाईनं तिच्या ओटीत खण घातला. मोरपंखी होता.

अंधार पडायच्या आत कोंडाजी खाचरावरून आला. पाय धुताना त्याला उकिरड्याच्या कडेला टाकलेला दोडका दिसला. खाणारी तोंडं फार असलेल्या घरात वाढलेला माणूस, त्याला भाजी टाकलेली बघवत नसे. त्यानं तो उचलला, धुतला आणि चावला.

"ह्यो तर ग्वाड हाय," तो म्हणाला.

गोजराबाई भाकरी थापत होती. ती थापतच राहिली. भाकरी पातळ झाली, तिला भोक पडलं. कोंडाजीनं उरलेला दोडका उंबऱ्यावर ठेवला आणि घोंगडी वाळत टाकायला गेला.

*

भंडाऱ्याच्या पंगतीत काय झालं ते गावानं पुढं पुष्कळ दिवस सांगितलं.

पहिल्या पंगतीला म्हातारी माणसं आणि पोरं. भात, वालाचं कालवण, दोडक्याची भाजी. पहिल्या घासाला बहिरू वीणेकऱ्यानं तोंड वाकडं केलं. शेजारच्यानंही केलं. पण कुणी बोललं नाही. देवाच्या प्रसादाला नाव कोण ठेवणार? पोरं थुंकायला लागली तशा आयांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले. "गीळ. परसाद हाय." त्यांनी गिळलं. म्हाताऱ्यांनी पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं. बहिरूनं पत्रावळ बोटानं चाटून पुसली, कारण तो दर साली तशीच पुसायचा.

दुसरी पंगत बसायच्या आत पोरं ओकायला लागली. मग म्हातारे. देवळाच्या पायऱ्या, पार, चिखल, सगळीकडे. बहिरूला उचलून सभामंडपात आणला तेव्हा त्याला मान धरवत नव्हती. पौडहून डॉक्टर आणायला दोन गडी पळाले.

जयसिंगनं पातेल्यातली फोड जिभेवर ठेवली आणि थू करून टाकली. तो गोजराबाईपुढं येऊन उभा राहिला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, तेच तिला फार झालं.

"काकू, तुमी चाकलं व्हतं न्हवं?"

"एकूनएक."

"मंग ह्ये काय?"

सगळं गाव तिच्याकडे बघत होतं. सगुणाबाई बघत होती. कोंडाजी खांबाला टेकून बघत होता.

"मी चाकलं तवा ग्वाडच व्हतं," गोजराबाई म्हणाली. मग थांबली. थांबली तिथंच राहिली असती तरी चाललं असतं. "पाट्या गोठ्याच्या दारावरनं आल्या. गोठ्यात बाजूला बसल्याली बाई हाय."

एवढंच बोलली. लीलाचं नावही घेतलं नाही तिनं. पुढचं सगळं गावानं केलं.

*

बहिरू जगला. आठ दिवस पेजेवर होता.

पाचव्या दिवशी लीला न्हाली आणि तिला देवळापुढं नेलं. ओढ्याच्या एकवीस घागरी आणून पायऱ्या धुवायच्या, मग पहिल्या पायरीपासून उंबऱ्यापर्यंत नाक घासत जायचं. पायऱ्या दगडी, टाकीच्या घावांच्या. बायका दोन्ही बाजूंना उभ्या होत्या. गोजराबाईला सगुणाबाईनं आपल्याजवळ छत्रीखाली घेतलं होतं.

"तुमास्नी किती वाईट वाटत आसंल," सगुणाबाई म्हणाली. "तुमच्या हाताला डाग लावला बया तिनं."

लीला उंबऱ्यापाशी उठली तेव्हा नाकाचा शेंडा सोलला होता. तिनं पदरानं तो टिपला. सासूकडे बघितलं नाही. ह्यापेक्षा बघितलं असतं तर बरं, असं गोजराबाईला वाटलं.

*

भातातलं तण काढायची वेळ, बेणणी, आली. सकाळी गोजराबाई, कोंडाजी आणि लीला बांधावर गेले. कुणी आलं नाही. शेजारच्या खाचरात आठ इरली ओळीनं वाकलेली होती, पाठीवर पानं घातलेल्या कासवांसारखी. त्या इकडच्या बाजूची ओळ सोडून पलीकडून लागल्या होत्या.

तिघं वाकली. गुडघाभर चिखल, जळवा, कमरेत कळ. आठ बायकांचं काम तिघांना. लीला दोन ओळी ओढत होती, एक आपली, एक सासूची. सासूची कंबर ज्वरापासून धरायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी बांधावर भाकरी खाताना कोंडाजी पाणी प्यायला ओढ्यावर गेला. दोघीच राहिल्या. लीला भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली,

"आत्याबाई, त्या दिसी माजी हाक तुमास्नी ऐकू आली न्हवती न्हवं?"

"न्हाई गं. पाऊस किती व्हता."

"त्येच म्हनलं."

लीलानं मिरचीचा ठेचा पुढं सरकवला. मग पायाची जळू काढून दगडावर ठेवली आणि तिच्यावर चिमूटभर मीठ टाकलं.

*

शनिवारी वाल्मीक आला. त्याला एस.टी.तच सगळं कळलं होतं. तो बायकोशी बोलला नाही. आईशी बोलला.

"दिवाळीपत्तुर नेऱ्याला ऱ्हाऊ दे तिला. लोक लई बोलत्यात."

"दिवाळीनंतर?"

"मग बघू."

मग बघूचा अर्थ गोजराबाईला माहीत होता. गावात दोन बायका अशा माहेरी बसून म्हाताऱ्या झाल्या होत्या.

कोंडाजी कोपऱ्यात सुंभ वळत होता. तो बायकोकडे न बघता म्हणाला, "ग्वाड व्हता त्यो दोडका." वाल्मीकला वाटलं बाप म्हातारपणात काहीतरी बरळतो.

गोजराबाई परड्यात गेली. वेलावर कारली होती. तिनं एक तोडलं आणि तिथंच उभी राहून देठापासून शेवटापर्यंत खाल्लं. मग दुसरं. कडू लागावं, घशापासून पोटापर्यंत जाळत जावं, अशी तिची फार इच्छा होती. चौथ्या कारल्यालाही ते लागेना. शिक्षा म्हणूनही लागेना.

*

भाद्रपदात गौरी आल्या. जयसिंगच्या घरची गौर थोरली, सगळी भावकी जेवायला. सोळा भाज्यांचा नैवेद्य. सगुणाबाईनं गोजराबाईला बोलावणं धाडलं. "पाट्या आमच्याच पडवीत ठिवल्यात. तुमच्या घराकडं नगं." आवाजात माया होती.

त्याच दिवशी लीलाचा भाऊ तिला न्यायला डोंगर उतरून आला होता. तिचं गाठोडं बांधून उंबऱ्याशी ठेवलेलं होतं. ते ओलांडूनच गोजराबाई बाहेर पडली.

सगुणाबाईच्या पडवीत पाट, विळी, तांब्या मांडून ठेवलेलं. दोडका, दुधी, काकडी, घोसाळी, पडवळ, आणि एका टोपलीत कारली. बारा-चौदा बायका. पोरं बायांच्या मांडीवर. त्यातलं एक भंडाऱ्याला ओकून ओकून डोळे फिरवलेलं. ते आता अंगठा चोखत गोजराबाईच्या तोंडाकडे बघत होतं.

"बसा, काकू," जयसिंग म्हणाला. "तुमी चाकलं म्हंजी घोर न्हाई."

गोजराबाई बसली. दोडका हातात घेतला. देठाकडचा तुकडा कापला. तोंडापर्यंत नेला. पोर बघत होतं.

तिनं तुकडा खाली ठेवला. टोपलीतलं एक कारलं घेतलं. चांगलं वीतभर, गडद हिरवं. देठ मोडला आणि चावायला लागली.

बायकांना आधी कळलं नाही. मग एकीच्या तोंडाला बघूनच पाणी सुटलं आणि तिनं ओठ आवळले. गोजराबाई सावकाश चावत होती. गाल हलत होते, कपाळ स्वस्थ होतं. डोळ्याची पापणी लवली नाही. हिरवा रस हनुवटीवर आला तो तिनं पुसला नाही. बियांसकट सगळं कारलं तिनं खाल्लं, आणि दुसरं उचललं.

"काकू," जयसिंग म्हणाला. "आवो काकू."

सगुणाबाई पाटावरून उठली. तिनं पुढं होऊन गोजराबाईचा हात धरला.

"कवापास्नं?"

"शिमग्यापास्नं."

"आन लगीन? बारसं?"

"ती चाकायची. मी थुकायची."

एका बाईनं पदर तोंडाला लावला. कुणीतरी मागून म्हणालं, "आगं बया, आन त्या पोरीचं नाक…" आणि वाक्य तिथंच राहिलं. गोजराबाई खाली मान घालून बसली होती. तिला वाटत होतं आता कुणीतरी शिवी द्यावी. सगुणाबाईनं हात सोडला, आणि तो सोडताना आपली बोटं लुगड्याला पुसली. कारल्याचा रस लागला होता म्हणूनही असेल.

"लीलाला बोलवा," गोजराबाई म्हणाली. "गाठुडं बांदून बसलीया. निगायच्या आत बोलवा."

जयसिंग स्वतः गेला.

लीला आली ती अंगणातच थांबली. नाकावरची खपली पडून तिथं गुलाबी डाग राहिला होता. मागं तिचा भाऊ, काखेत गाठोडं. सगुणाबाई पायरी उतरून खाली गेली आणि तिला दंडाला धरून वर घेऊन आली. गोजराबाई पाटावरून उठली. उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागला. लीला पाटावर बसली. विळी पायाखाली धरली आणि पहिला दोडका घेतला.

दाढ. थुंकी. उजवीकडे.

चौथ्याला तिचा हात सवयीनं कानामागं गेला, पदराशी. तो तिथं थांबला. मग तो खाली आला आणि तिनं तोंडानं सांगितलं, "ह्यो कडू हाय."

गोजराबाई कडेला भिंतीला टेकून डावीकडचे कडू दोडके पाटीत भरत होती. ते काम कुणीही करू शकतं. काम संपल्यावर सगुणाबाईनं लीलाच्या ओटीत खण घातला. भाऊ गाठोडं तिथंच ठेवून एकटाच नेऱ्याला गेला. वाटेनं घरी येताना लीला पुढं होती, गोजराबाई मागं. ओढ्याच्या दगडावर लीला थांबली आणि सासूसाठी हात पुढं केला. गोजराबाईनं तो धरला.

*

भंडाऱ्याच्या आदल्या दुपारी, सगुणाबाईची पाटी उघडायच्या आधी, लीलानं गोठ्यातून तीनदा हाक मारली होती: "आत्याबाई, विहिरीवरल्या येलाचं दोडकं कडू हाय, म्या काल खाऊन बगितलंय, त्ये घिऊ नगा." पण सगुणाबाईपुढं चाखणारी गोजराबाई होती, सून नव्हती; आणि तिला ती हाक तिन्ही वेळा शब्दन् शब्द ऐकू आली होती.